छोट्या पिकअपमागे भरलेला ट्रेलर : डेन्व्हर ते सॉल्ट लेक, जमेल का?

घाटावरचा | ५ ऑक्टोबर, २१:१४

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की आम्ही डेन्व्हरहून सॉल्ट लेक सिटीला बिऱ्हाड हलवतोय. मी, बायको आणि आठ वर्षांची लेक. मूव्हर्सनी सांगितलेला आकडा ऐकून घरात दोन मिनिटं कुणी बोललं नाही. म्हणून स्वतःच न्यायचं ठरवलंय.

गाडी २०१२ची टोयोटा टकोमा, डबल कॅब, २.७ लिटरचं चार सिलिंडर इंजिन, ऑटोमॅटिक. ओढायची क्षमता ३,५०० पौंड. यू-हॉल या भाड्याने ट्रेलर देणाऱ्या कंपनीचा ६×१२ फुटी बंद ट्रेलर रिकामा १,९२० पौंड भरतो, म्हणजे सामानाला १,५८० उरले. उरलेलं पिकअपच्या हौद्यात, साधारण ८०० पौंड. गणित बसतंय असं मला वाटतं.

सामान म्हणजे सुटे केलेले दोन पलंग, वॉशिंग मशीन, कपडे, भांडी, पुस्तकांची चौदा खोकी आणि आजीचा पाटा-वरवंटा (हो, साताऱ्याहून विमानाने आलाय, विचारू नका). रस्ता आय-७० महामार्ग, सरळ डोंगरातून. खंबाटकी बघत लहानाचा मोठा झालोय, घाटाची भीती नाही. पण ट्रेलर आयुष्यात ओढलेला नाही. अनुभवी लोकांनी सांगा.

---

कट्टेकरी | ५ ऑक्टोबर, २१:३१

पाटा विमानाने? ट्रेलर राहू द्या, आधी ती गोष्ट सांगा.

---

लोणी_धपाटे | ५ ऑक्टोबर, २२:०५

मी एकदा मित्राचा ट्रेलर ओढला होता, काही अवघड नाही. फक्त जड सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला टाका. पुढे टाकलंत तर सगळा भार पिकअपवर येतो आणि गाडी मागे बसते.

---

निवृत्त_बोल्ट | ५ ऑक्टोबर, २३:४०

धपाटे, तुमचा सल्ला उलटा आहे, त्याच्याकडे नंतर येतो. आधी घाटावरच्यांचं गणित. मी कॅलिफोर्नियात चाळीस वर्षं मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून घासली आणि त्यातली पंचवीस बोटीचा ट्रेलर ओढला, त्यामुळे जरा लांबेल.

३,५०० हा आकडा कुठून येतो ते बघा. हल्लीच्या गाड्यांसाठी एसएई या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेची जे२८०७ नावाची चाचणी आहे. टोयोटाने ती २०११च्या मॉडेलांपासून सगळ्यांत आधी मान्य केली. ॲरिझोनात डेव्हिस डॅमपाशी राज्य मार्ग ६८ आहे, तिथे अकरा-साडेअकरा मैलांची सलग चढण. एसी पूर्ण चालू ठेवून पिकअपने ट्रेलरसकट ती ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढायची. आणि ही चाचणी धरते काय? गाडीत चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंड. हौद्यात जवळपास काही नाही. म्हणजे तुमची लेक, तिची सायकल, डबे, हौद्यातले ८०० पौंड, या सगळ्यांनी ते ३,५०० आतून कुरतडत न्यायला सुरुवात केलेली आहे.

आता चालकाच्या बाजूचं दार उघडा. खांबावर टायरच्या हवेची चिकटपट्टी असेल. तिच्यावर माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये असं एक वाक्य असतं. तो आकडा इथे टाका. छोट्या पिकअपचं दुखणं बहुतेक वेळा तिथेच निघतं. इंजिन ओढून नेतं हो, गाडीच्या पाठीला ते झेपत नाही.

---

घाटावरचा | ६ ऑक्टोबर, ०७:०२

बघून आलो. १,१६५ पौंड. पण तो तर हौद्याचा आकडा झाला ना? ट्रेलरचा त्याच्याशी काय संबंध? तो स्वतःच्या चाकांवर आहे.

---

ऊसकरी_मिरज | ६ ऑक्टोबर, १०:२६

दादा, संबंध आहे आणि तो आमच्या आज्ज्याला पण माहीत होता.

आमच्याकडं बैलगाडी होती तवाची गोष्ट. गाडीत पोती भरायची तर सगळी मागं टाकून चालत नाही. मागं जड झाली की गाडी उलाळ होते. जू बैलाच्या मानेवरनं वर उचलतं, गळ्यातलं जोतं आवळतं, बैल जागच्या जागी पाय झाडतो. सगळी पुढं टाकली तर जू मानेवर दाबतं, दोन कोसात खांदा सुजतो. म्हणून म्हातारा पोती भरून झाली की धुरेला हात लावून बघायचा, थोडी जड लागली की म्हणायचा, चला. त्याच्या हाताला वजनकाटा होता.

तुमच्या ट्रेलरचं तेच. चाकं त्याची, पण जू तुमच्या पिकअपच्या मानेवर. जुवावर जो भार येतो तो पिकअपनंच वाहायचा. आणि बैलगाडी ताशी चार मैल जाते, तुम्ही पन्नासनं जाणार. उलाळ ट्रेलर त्या वेगाला नुसता वर उचलत नाही, शेपटी मारतो. हंगामात ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रेलर ऊस घालून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत नेलाय मी. मागचा ट्रेलर नागासारखा डोलायला लागला की पुढच्याला कळायच्या आत तो रस्ता सोडतो. ते पण वीसच्या स्पीडला.

धपाटेभाऊ, रागावू नका, पण तुमच्या मित्राचा ट्रेलर बहुतेक रिकामा असणार.

---

लोणी_धपाटे | ६ ऑक्टोबर, १०:५८

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

(खरंय, रिकामा होता.)

---

निवृत्त_बोल्ट | ६ ऑक्टोबर, २०:१५

मिरजकरांनी दोन परिच्छेदांत जे सांगितलं त्याला मी आकृती काढून अर्धा तास घेतला असता. आता त्याला आकडे लावू.

जुवावरचा भार, म्हणजे टंग वेट, एकूण भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के हवा. ट्रेलर ३,५०० केलात तर ३५० ते ५२५ पौंड थेट पिकअपच्या शेपटीवर. तो तुमच्या १,१६५ मधूनच वजा होणार. तुम्ही तिघं अंदाजे ४००. मग हौद्याला फार तर चारशे उरतात, १५ टक्क्यांनी गेलात तर अडीचशेही नाहीत. तुम्ही ८०० टाकायला निघाला होतात.

आणि इंजिन. २.७ लिटरचं हे इंजिन १५९ अश्वशक्तीचं, पण समुद्रसपाटीला. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के दम गमावतं. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथे तुमच्या हातात १०५-११० अश्वशक्ती उरेल. त्याला खंबाटकीची तुलना देऊ नका, खंबाटकीत हवा तरी असते.

---

टेक्सासची_ताई | ७ ऑक्टोबर, ०६:४८

मी आठ वर्षं घोड्यांचा ट्रेलर ओढतेय. वजनाचं बोल्टकाकांवर सोडते, मी जोडणीचं सांगते, कारण नवखे लोक तिथे मार खातात.

पिकअपच्या मागे ज्याच्यावर ट्रेलर अडकतो तो गोळा (बॉल) कोणत्या मापाचा आहे ते त्याच्या डोक्यावर कोरलेलं असतं. १⅞ इंच आणि २ इंच हे दोन्ही लांबून सारखेच दिसतात. २ इंची कपलर (दांडीच्या टोकाची, गोळ्यावर बसणारी वाटी) १⅞ वर छान बसतो, लॉकही होतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडी मारून निघतो. काही भाड्याच्या ट्रेलरांचं कपलर दोन्ही मापांना चालतं, तरी स्वतः वाचून बघ. लॉक झाल्यावर ट्रेलरचा जॅक फिरवून दांडी वर उचलायची. पिकअपची मागची बाजू सोबत उचलली गेली तर पकड खरी. नुसती दांडी वर आली तर परत पहिल्यापासून.

साखळ्या दांडीखालून एकमेकींना ओलांडून, फुलीसारख्या लावायच्या. गोळा सुटलाच तर दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. वळायला पुरतील इतक्या सैल, पण जमिनीला घासतील इतक्या नको. घासणाऱ्या साखळीच्या ठिणग्यांनी रस्त्याकडेचं वाळकं गवत पेटतं, पश्चिमेकडे असे वणवे लागलेत.

दिवे विचित्र वागायला लागले, म्हणजे डावा इंडिकेटर दिला की दोन्हीकडे मंद लुकलुकतंय वगैरे, तर आधी पांढरी वायर बघ. ती अर्थिंगची. दहातले आठ वेळा तीच सैल किंवा गंजलेली असते.

आणि रिव्हर्सची सवय रिकाम्या पार्किंगमध्ये कर. हात स्टिअरिंगच्या तळाशी धर, ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला हात ने. बायको मागे उभी राहून "डावीकडे" म्हणाली तर कोणाची डावी हे आधी ठरवा, लग्न टिकेल.

---

कट्टेकरी | ७ ऑक्टोबर, ०८:१०

शेवटच्या वाक्याला +१. आमचं बोटीच्या धक्क्यावर मोडता मोडता राहिलं.

---

घाटावरचा | ८ ऑक्टोबर, २२:३७

सगळ्यांचे आभार. आता डोकं ताळ्यावर आलंय. दोन पर्याय दिसतात. एक, ६×१२ घ्यायचा पण कमी भरायचा. दोन, ५×८ घ्यायचा. तो रिकामा ९०० पौंड, भरून जास्तीत जास्त २,७००. हलका, वाराही कमी घेईल. मला दुसरा बरा वाटतोय. शिवाय एक भाऊ म्हणतो की मागे जास्तीचे स्प्रिंग किंवा हवेच्या पिशव्या बसवल्या की गाडी बसणार नाही, मग भार थोडा वाढवता येईल.

---

निवृत्त_बोल्ट | ८ ऑक्टोबर, २३:२०

स्प्रिंगने गाडी सरळ *दिसते*. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर तेच राहतात. दारावरची पट्टी स्प्रिंग टाकल्याने बदलत नाही. ताप अंगात असताना थर्मामीटर बर्फात बुडवण्यातला प्रकार.

५×८ ची अडचण वेगळी. त्याला स्वतःचे ब्रेक नाहीत. ६×१२ ला आहेत.

---

कावळा_कॅनबेरा | ९ ऑक्टोबर, ०४:५५

हेच लिहायला आलो होतो. इकडे ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वर भरलेल्या ट्रेलरला ब्रेक नसतील तर तो रस्त्यावर आणताच येत नाही. २,००० किलोच्या वर गेलात तर सगळ्या चाकांना ब्रेक आणि ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारी यंत्रणा. तुमचा ५×८ भरून हजार किलोच्या पुढे जाणार. माझ्या पद्धतीने विचाराल तर विषय संपला.

---

टेक्सासची_ताई | ९ ऑक्टोबर, ०७:३०

इकडे राज्याराज्याचं वेगळं आहे, बऱ्याच ठिकाणी ३,००० पौंडांवर ब्रेक लागतात. म्हणजे कायद्याने ५×८ चालून जाईल. पण गाडीचं मॅन्युअल कायद्यापेक्षा कडक असू शकतं. कित्येक छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलात बिनब्रेकच्या ट्रेलरला १,००० पौंडांची मर्यादा असते. घाटावरच्या, मॅन्युअलचं "टोइंग" प्रकरण काढ आणि तक्त्याखालची बारीक अक्षरं वाच. ३,५०० मोठ्या टाइपात असतं, अटी खाली.

तरी एक सांगते. वायोमिंगच्या किंवा कुठल्याही उघड्या माळावर ६×१२ म्हणजे शीड असतं. हलका भरलेला तर जास्तच. दोन्हीकडे किंमत आहे.

---

निवृत्त_बोल्ट | ९ ऑक्टोबर, २०:४४

ताईंशी सहमत, पण वाऱ्याच्या दिवशी थांबता येतं. उतार थांबत नाही. मी ब्रेकच्या बाजूने.

६×१२ चे ब्रेक सर्ज पद्धतीचे असतात. तुम्ही ब्रेक दाबला की पिकअप मंदावते, ट्रेलर मागून ढकलतो, त्या ढकलण्याने दांडीतला पंप दाबला जातो आणि ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतात. वायर नको, पेटी नको. साधं आणि हुशार यंत्र. पण त्याची एक खोड आहे. लांब उतारावर तुम्ही नुसत्या खालच्या गिअरवर उतरत असाल तरी ट्रेलर ढकलतच असतो, म्हणजे त्याचे ब्रेक थोडे थोडे घासत राहतात आणि तापतात. म्हणून वेग इतका कमी ठेवायचा की ढकलणंच कमी होईल. आणि ट्रेलर डोलायला लागला तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायची सोय सर्जमध्ये नसते. ती विजेच्या ब्रेकवाल्यांची चैन.

---

घाटावरचा | १० ऑक्टोबर, २१:०९

मॅन्युअल वाचलं. ५×८ बाद. ६×१२ ठरला, पण सामान कमी करून.

पुस्तकांवर बायकोनेच तोडगा काढला. पोस्टाची मीडिया मेल. पुस्तकांसाठी स्वस्त दर असतो, एका खोक्याला ७० पौंडांपर्यंत चालतं. चौदापैकी दहा खोकी पोस्टाने जातील. म्हणजे चारशे पौंड एका फटक्यात गेले. एक पलंग विकला. पाटा मात्र येणार, त्यावर चर्चा होणार नाही असं वरून कळवण्यात आलंय.

आता रस्ता. आय-७० की आय-८०? दोन्ही सव्वापाचशे मैलांच्या आसपास.

---

पठारी_वारा | १० ऑक्टोबर, २३:५१

वायोमिंगमधल्या लॅरमीला सहा हिवाळे काढलेत, म्हणून धाग्यावर पहिल्यांदाच लिहितोय.

आय-७० ला दोन मोठे चढ आहेत, आयझेनहॉवर आणि व्हेल पास (१०,६६२ फूट). बोगद्यातून बाहेर पडल्यावर सिल्व्हरथॉर्नपर्यंत ७ टक्क्यांचा उतार. तिथे ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाळूच्या चढत्या पट्ट्या बांधल्यात, त्या शोभेला नाहीत. पुढे युटामध्ये सहा नंबरच्या रस्त्याने सोल्जर समिट.

आय-८० उंचीला सौम्य. शायेन आणि लॅरमीच्या मधला शर्मन समिट ८,६४० फूट, पूर्ण आय-८० वरची सर्वोच्च जागा, आणि तुम्ही फोर्ट कॉलिन्सहून २८७ नंबरचा रस्ता धरलात तर तोही टळतो. पण लॅरमी ते रॉलिन्स, विशेषतः एल्क माउंटनपाशी, वारा म्हणजे काय ते कळतं. वायोमिंगचं रस्ते खातं वारा फार झाला की हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद करतं. तुमचा अर्धा भरलेला ट्रेलर त्या वर्णनात बसतो. बंदी नसताना उलटलेले ट्रेलर मी पाहिलेत आणि बंदी मोडून उलटलेले तर कितीतरी.

माझं मत आय-८०, पण अंदाज बघून, पहाटे. वारा साधारण दुपारी चढतो. एक दिवस राखीव ठेवा. आणि आय-८० म्हणजे उतार नाही असं समजू नका. पार्क सिटीच्या पुढे पार्लीज समिट, सात हजार फुटांच्या वर, तिथून ६ टक्क्यांनी थेट शहरात. प्रवास संपत आलेला, पोरं कंटाळलेली, समोर शहर दिसतंय, आणि तो उतार तेव्हा येतो.

---

निवृत्त_बोल्ट | ११ ऑक्टोबर, १९:३०

हा पठारी मुद्दा मोलाचा. पार्लीजचं गणित करून बघितलं. सगळं मिळून ३,४०० किलो धरा, साधारण ६७० मीटर खाली उतरायचं. ही ऊर्जा ७० लिटर साधं पाणी उकळीला आणायला पुरते. ती सगळी कुठेतरी जायला हवी. थोडी हवेत, थोडी इंजिनात, उरलेली ब्रेकच्या तबकड्यांत. म्हणून उतार लागायच्या *आधी* गिअर खाली. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबायचा, दहा मैलांनी वेग उतरवायचा, पूर्ण सोडायचा. पाय ठेवून हळूहळू घासत बसलात की तबकड्या लाल, तेल उकळलं, पॅडल जमिनीला.

चढावर ऑटोमॅटिकचा ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद. चौथा-तिसरा-चौथा करत राहिला तर गिअरबॉक्सचं तेल भाजतं.

डोलणं सुरू झालं तर: स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेकला हात... म्हणजे पाय लावू नका, वेग आपोआप मरू द्या. स्टिअरिंगने त्याला उत्तर द्यायला गेलात की तुमचा हात नेहमी अर्धा झोका उशिरा पडतो आणि झोका वाढतो.

---

ऊसकरी_मिरज | ११ ऑक्टोबर, २१:०२

पाळण्याला झोका देतो तसंच की. चुकीच्या वेळेला हात लागला की जास्त.

---

घाटावरचा | २४ ऑक्टोबर, २३:१८

भाऊबीज काल झाली, आज ट्रेलर भरला. उद्या पहाटे निघणार.

टंग वेट मोजलं, ते सांगायलाच हवं. न्हाणीघरातला वजनकाटा ३०० पौंडांचा, त्यावर दांडी थेट ठेवायची भीती वाटली. मग जाड फळी घेतली. एका टोकाखाली वीट, दुसऱ्याखाली काटा, मध्ये तीन फूट. दांडी विटेपासून एक फुटावर टेकवली, म्हणजे काट्यावर तिसरा हिस्सा येतो. काटा म्हणाला ५५. गुणिले तीन, १६५. ट्रेलर तीन हजारांच्या आसपास धरला तर साडेपाच टक्के. मिरजकर, तुमच्या भाषेत उलाळ.

कारण सरळ होतं. वॉशिंग मशीन शेवटी आलं म्हणून दाराशी राहिलं होतं. सगळं उपसलं. मशीन आठ फूट पुढे नेऊन पुढच्या भिंतीला पट्ट्यांनी आवळलं. पुस्तकांची उरलेली चार खोकी पुढे. पाटा-वरवंटाही मागून पुढे. पुन्हा काटा, ११९. म्हणजे ३५७! शेजारचा गोरा म्हातारा कुंपणावरून बघत होता, शेवटी येऊन फळीचं माप लिहून घेऊन गेला.

---

ऊसकरी_मिरज | २५ ऑक्टोबर, ०९:४०

पाटा पुढं गेला म्हणजे आजीच चालवणार गाडी. सावकाश जावा.

---

घाटावरचा | २८ ऑक्टोबर, २०:५५

पोचलो. दोन दिवस लागले. सविस्तर लिहितो, कारण हा धागा नसता तर मी पुस्तकांसकट ४,००० पौंड घेऊन आय-७० ला लागलो असतो.

शहराबाहेर ट्रकांच्या थांब्यावर काट्यावर चढवलं, वीस डॉलरच्या आत काम झालं. आधी ट्रेलरसकट: पुढचा ॲक्सल २,१४०, मागचा २,७००, ट्रेलरची चाकं २,७२०. मग ट्रेलर बाजूला सोडून नुसती गाडी: पुढे २,२८०, मागे २,२००. म्हणजे जुवावर ३६०. फळी आणि विटेने तीन पौंडांची चूक केली. ट्रेलर एकूण ३,०८०, टक्केवारी ११.७. आम्ही तिघं, हौद्यातले अडीचशे आणि हे ३६० मिळून १,०१० होतात, दारावर १,१६५.

पण काका, एक कोडं. भार ३६० आला तर मागच्या ॲक्सलवर ५०० कसे वाढले?

वाटेतलं. फोर्ट कॉलिन्स ते लॅरमी चढणीवर ४५ च्या वर गेली नाही, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत होतं. लेक म्हणाली, "बाबा, गाडीला दम लागलाय." गॅलनला अकरा मैल मिळाले, एरवी वीस मिळतात. प्रत्येक थांब्यावर उतरून ट्रेलरच्या चाकांच्या मधोमध हात लावून बघायचो. चारही सारखी कोमट म्हणजे बेअरिंग ठीक. एकच जास्त गरम असती तर तिथेच थांबणार होतो.

एल्क माउंटनला आम्ही सकाळी साडेनऊला होतो. वारा होता, पण फलकावर बंदी नव्हती. ५५ ने चाललो होतो. एक लांबलचक ट्रक ७५ ने डावीकडून गेला. आधी त्याच्या हवेने आम्हाला बाहेर ढकललं, मग तो पुढे जाताच आत ओढलं. आणि आरशात ट्रेलर डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. पोटात गोळा आला. हात आपोआप वळायला निघाले होते. स्टिअरिंग घट्ट सरळ धरलं, पाय उचलला, ब्रेक नाही. तीन झोके, मग दोन छोटे, मग शांत. पाच-सहा सेकंद असतील. बायकोने त्यानंतर रॉलिन्सपर्यंत एकही वाक्य बोललं नाही आणि मीही काही विचारलं नाही. तिथून पुढे ५० ने. रात्री रॉक स्प्रिंग्जला मुक्काम, चकल्या आणि मोटेलची कॉफी.

पार्लीजला दुसऱ्या दिवशी अकरा वाजता लागलो. माथ्यावरच गाडी दुसऱ्या गिअरला टाकली, ४० ने, उजव्या लेनमध्ये, ट्रकांच्या रांगेत. मागून भोंगे आले, येऊ दिले. ब्रेक चार-पाच वेळा दाबून पूर्ण सोडला. खाली उतरल्यावर ट्रेलरच्या चाकांपाशी भाजल्यासारखा वास आला, धूर नव्हता. अर्धा तास थांबलो.

---

निवृत्त_बोल्ट | २८ ऑक्टोबर, २२:१०

शाब्बास. कोड्याचं उत्तर: गोळा मागच्या ॲक्सलच्या चारेक फूट मागे लोंबतो. मागचा ॲक्सल टेकू, गाडी म्हणजे सी-सॉ. शेपटीवर ३६० ठेवलेत तर पुढची चाकं १४० ने हलकी झाली, ते १४० मागच्याच डोक्यावर बसले. ३६० आणि १४०, पाचशे. आता कळलं असेल की भार जास्त झाला की स्टिअरिंग का हलकं लागतं आणि रात्री गाडीचे पुढचे दिवे आभाळाकडे का बघतात.

भाजल्याचा वास सर्ज ब्रेकचाच. ३५ ने उतरला असतात तर तोही आला नसता.

---

पठारी_वारा | २८ ऑक्टोबर, २३:३३

तुम्ही गेलात त्याच दुपारी एल्क माउंटनला बंदीचा फलक लागला होता. साडेनऊ ही वेळ बरोबर साधली.

---

टेक्सासची_ताई | २९ ऑक्टोबर, ०६:५०

त्या पाच सेकंदांत ब्रेक न मारणं सगळ्यांना जमत नाही. मला पहिल्यांदा नव्हतं जमलं. घोडा वाचला, ट्रेलर नाही.

---

कट्टेकरी | २९ ऑक्टोबर, ०८:२२

वाचनखूण साठवली. आता पाटा विमानाने कसा आला ते सांगणार की नवीन धागा काढू?

---

घाटावरचा | २९ ऑक्टोबर, २१:४७

आईने तो हातातल्या पिशवीत आणला होता. "वजन करायचं सामान" फक्त बॅगेचं असतं असा तिचा ठाम समज होता आणि विमानतळावर कुणी तो मोडला नाही. वरवंटा काकूच्या पर्समध्ये होता.

सध्या पाटा गॅरेजमध्ये आहे, आत न्यायला दोन माणसं लागतात. आणि वॉशिंग मशीन इतक्या नीट पुढे बांधून आणलं, पण त्याचा पाण्याचा पाइप डेन्व्हरच्या भिंतीलाच राहिला.